वंदनाताईंचा दुसरा रेफरन्स

"बाबांचा फोन आता माझ्याकडे असतो. बाबा जाऊन दीड महिना झाला," पलीकडून आवाज आला.

मी फॉर्मकडे पाहिलं. रेफरन्स क्रमांक दोन : दिघे, रिटायर्ड रेल्वे, स्नेहलतागंज. मी मुलाची माफी मागितली. तो पुण्यात होता आणि मीटिंगमध्ये होता.

मी इंदूरला एका फायनान्स कंपनीत सेकंड-हँड गाड्यांच्या लोनच्या फाइली तपासते. रेफरन्स म्हणजे जामीनदार नव्हे. अर्जदाराला वर्षभर तरी ओळखणारी, त्याच्या घरात न राहणारी दोन माणसं. त्यांनी पैसे भरायचे नसतात. फोन उचलून 'हो, ओळखतो' एवढंच म्हणायचं असतं. इतक्या सोप्या अटीवर फाइल अडलेली मी क्वचितच पाहिली आहे.

अर्जदार वंदना गायकवाड, वय एकावन्न, फिजिओथेरपिस्ट. घरोघरी जाऊन पेशंटकडून व्यायाम करवून घेतात. हातोद, देपालपूरपर्यंत स्कूटरने जायच्या. स्कूटर घसरली, मणक्याला मार बसला आणि डॉक्टरांनी दुचाकी कायमची बंद केली. गाडी मिळाली नाही तर बाहेरगावचे पेशंट जाणार, आणि निम्म्याहून जास्त कमाई तिकडचीच.

गाडी त्यांनी शहाणपणाने निवडली होती. सात वर्षं जुनी, एकाच मालकाची, सर्व्हिसिंगची सगळी बिलं जपलेली. आमच्या व्हॅल्युअरनेही इंजिन चांगलं असल्याचं लिहून दिलं.

अडचण क्रेडिट स्कोअरची होती. महूला भावाने दुकानासाठी कर्ज काढलं, तेव्हा ताई जामीन राहिल्या. भावाने हप्ते सोडले आणि डाग दोघांच्या नावाला लागला. ताईंनी जाब विचारला, तर नातेवाईक भावाच्या बाजूने गेले. स्कोअर असा असला की आम्ही व्याज जास्त लावतो, गाडीच्या किमतीतला कमी हिस्सा देतो आणि बाकीचे कागद डोळ्यांत तेल घालून पाहतो.

ब्रँच मॅनेजर सक्सेनाजींनी फाइल चाळली. "मॅडम, गॅरंटर लाओ, नहीं तो दूसरा रेफरन्स. शुक्रवार तक. नहीं मिला, तो फाइल वापस कर दो."

मी ताईंना बोलावून घेतलं.

"एखादा गॅरंटर मिळेल?"

"ज्या खड्ड्यात मी पडले, त्यात आणखी कोणाला ढकलू?"

"मग दुसरा रेफरन्स बदलून द्या."

"का? दिघेकाका फोन घेत नाहीत का? कमी ऐकू येतं त्यांना. जरा जास्त वेळ रिंग जाऊ द्या."

ती बातमी देणं माझं काम नव्हतं. पण समोर मीच होते. सांगितलं.

त्या माझ्या स्टेपलरकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मागच्या मंगळवारी त्यांच्या गल्लीतूनच गेले. बेल वाजवणार होते. म्हटलं, ट्रीटमेंट संपली, आता कशाला उगीच."

"मुलाचा नंबर टाकू?"

"त्यांनी मला कळवलंही नाही मॅडम. त्यांना कसं म्हणायला लावू, की ओळखतो?"

"दुसरं कोणी? शेजारी? मैत्रीण? जुना पेशंट?"

"मेडिकलवाल्याचं नाव दिलंच आहे. आत्ताचे पेशंट तीन-चार महिन्यांचे. आणि बरी झालेली माणसं फिजिओला फोन करत नाहीत."

मी पेन खाली ठेवलं. स्वतःसाठी दोन नावं मनात जुळवून पाहिली. एक ऑफिसमधलं निघालं. ते चालत नाही.

ताई उठल्या. "दिघेकाकूंना भेटून येते. कळल्यावर जावं लागतं, उशीर झाला तरी."

"आणि फाइल?"

"राहू द्या ती."

शुक्रवारी दुपारी त्या परत आल्या आणि माझ्यापुढे एक चिठ्ठी ठेवली. "मी लोनचा विषय काढला नाही. काकूंनीच विचारलं, रिक्शाने का आलीस. सांगावं लागलं."

चिठ्ठीवर थरथरत्या अक्षरात काकूंचा नंबर होता. मी तिथल्या तिथे लावला.

"वंदना गायकवाड यांना किती वर्षं ओळखता?"

"दोन. यांच्या व्यायामाला यायची हो, रोज सव्वादहाला. आम्ही तिच्यावर घड्याळ लावायचो."

"कर्ज फेडतील असं वाटतं?"

"ते मला काय ठाऊक? मी बँक आहे का? पण दोन वर्षांत न सांगता एकदाही राहिली नाही." काकू पुढे म्हणाल्या, "आम्ही मात्र तिला कळवायचं विसरलो. तेही लिहा."

फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता. बाकीचं लिहिलं.

सक्सेनाजींनी वाचलं. "घड्याळ लावायचो? ये क्या रिमार्क है, मॅडम?"

"हप्ता वेळेवर येईल, असं."

त्यांनी सही केली. व्याज चढंच लागलं, मुदत तीन वर्षं, किमतीचा तिसरा हिस्सा ताईंनी स्वतः भरला. डिलिव्हरीचा फोटो फाइलला लागतो. तो पाठवून डीलरने मला फोन केला, "मॅडमजी, मैंने बोला फॅमिली को बुला लो, सब साथ में फोटो खिंचाते हैं. बोलीं, ऐसे ही ले लो भिया."

फोटोत गाडी पूर्ण आली होती. ताई एका कडेला, नंबर प्लेट दिसेल अशा उभ्या होत्या.

स्कोअर खराब असेल तर गाडी एका मालकाची घ्या आणि मुदत लहान ठेवा. आणि रेफरन्सचे नंबर फॉर्मवर लिहिण्याआधी स्वतः एकदा लावून पाहा. लोन काढायचं नसलं तरी.