गावकारांचं हसू

"देवाक काय सांगू?" असं विचारत आमचे गावकार दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरोघर फिरायचे. मिठबावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. कोकणातलं गाऱ्हाणं तुम्ही ऐकलं असेलच. गावाच्या वतीने देवाकडे एकेक मागणं घालायचं आणि ते संपलं की जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ द्यायची.

मी शाळेत नवा होतो तेव्हा बदली होऊ नये एवढंच लाजत सांगितलं. दुसऱ्या दिवशी भर सभामंडपात त्यांचा खणखणीत आवाज, "ह्या मास्तराची बदली घाटार करू नको. मारकुटो आसा, पण पोरांका पाढे येवक लागले हत!" गाव पोट धरून हसला. गावकार हसले की त्यांचे डोळे पार मिटायचे.

सात-आठ वर्षांनी माझ्या मुलीच्या बारशाला आले ते घुम्यासारखे बसून राहिले. लेक मांडीवर दिली तरी ओठ हलला नाही. मला ते फार लागलं. वाटेत भेटले तरी तसंच. डावा हात अंगाला चिकटलेला, चेहरा कोरा. "गावकार माजलो," असं लोक बोलू लागले. मीही त्यांतलाच.

मग आवाज खाली गेला. त्या दसऱ्याला ते मासेमारांसाठी मागत होते. "पोरांच्या होडयेर वादळ इला…" एवढ्यावरच दम संपला. मागच्यांना वाटलं, मागणं झालं. सगळे गरजले, "व्हय म्हाराजा!" "तर तूच राख" हे राहूनच गेलं. जणू वादळच मागितलं, म्हणून होडीवाले भडकले. गावच्या बैठकीत मीच उठून म्हणालो, "त्यांचं मन राहिलं नाही यात. मान दुसऱ्याला द्या." मान पुतण्याकडे गेला.

पुढच्या मे महिन्यात, म्हणजे १९६८ साली, पुतण्या त्यांना मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. डॉक्टरांशी बोलायला म्हणून मलाही नेलं. डॉक्टर म्हणाले, "मेंदूत डोपामिन नावाचं एक द्रव्य तयार होतं. यांचं ते आटत चाललंय. त्याच्यावाचून अंगाला हुकूम नीट पोचत नाहीत. हसू मनात येतं, चेहऱ्यावर येत नाही. परदेशात नवं औषध देऊन पाहतायत, आपल्याकडे यायला वेळ आहे."

मला मान वर करवेना. बाहेर बाकावर गावकार माझ्या कानाशी आले. आवाज कुजबुजीएवढा. "मगे गावाक सांगा, गुरुजी. मी माजाक नाय."

सांगतो म्हणालो. पण सांगायचं म्हणजे माझं बैठकीतलं बोलणंही कबूल करायचं होतं. तेवढं धैर्य नव्हतं. दसऱ्याला सगळे जमतातच, तेव्हा सांगू, असं स्वतःला समजावत राहिलो. भादव्यात पाणंदीत त्यांचा तोल गेला, डोकं आपटलं. आठ दिवसांत गेले.

दसऱ्याला मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. माझी चूकसुद्धा. होडीवाल्यांतले दोघे-तिघे डोळे पुसत होते.

बाहेर पडताना पायरीपाशी त्यांची बायको थांबली होती. रागावली नव्हती. हळूच म्हणाली, "बरा सांगलात, गुरुजी. जायपर्यंत रोज इचारीत होते, गुरुजींनी सांगल्यानी काय गो?"