फडक्याची खूण

आमच्या ह्यांना ऐकू येत नाही हे दुकानात कोणाला कळू द्यायचं नाही, हेच माझं खरं काम होतं. लोकांना दिसायला मी रेक्झिन चिकटवायचे.

दुकान पनवेलच्या जुन्या बाजारात आहे. पुढे गिटारी टांगलेल्या, कपाटात पेट्या आणि तबले, आणि मागच्या खोलीत जुने अॅम्प्लिफायर. आत काचेचे व्हॉल्व्ह असलेले, चालू केल्यावर तापायला वेळ घेणारे. आमच्या भागात हळदी-लग्नांत वाजवणाऱ्या बेंजो पार्ट्यांनी नवीन सामान घेतलं, काही पार्ट्या मोडल्याच, आणि हे जड डबे कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या होडीच्या शेडमध्ये पडून राहिले. दुकानाचे शेठ ते शोधून आणायचे, आमचे हे दुरुस्त करायचे, आणि मुंबई-पुण्याकडची गिटार वाजवणारी मुलं हौसेने घेऊन जायची. उंदरांनी कुरतडलेलं रेक्झिन सोलून नवं चढवायला शेठना कोणीतरी हवं होतं. मी घरी उशांच्या, सोफ्याच्या खोळी शिवायचे. ह्यांनी माझं नाव सांगितलं.

ह्यांचं सगळं आयुष्य स्पीकरसमोर गेलं. तरुणपणी बेंजो पार्टीबरोबर टेम्पोत मागे उभे राहून आवाज सांभाळायचे, हळदीच्या रात्री कर्ण्याशेजारीच झोपायचे. पुढे दुकानात आले. बिघाड कानाने शोधायची त्यांची सवय. कान स्पीकरच्या जाळीला लावून बसायचे आणि म्हणायचे, "हा कंडेन्सर गेलाय." तोच गेलेला असायचा. मग हळूहळू त्यांना घरची कुकरची शिटी ऐकू येईनाशी झाली. मी मागून बोलले तर उत्तर नाही. मला वाटायचं रागावलेत.

डॉक्टरांनी नस गेलीय म्हणून सांगितलं, कानात मशीन घाला म्हणाले. मशीन आणली. तिची स्वतःचीच बारीक सूं ऐकू यायची. ती ह्यांना अॅम्प्लिफायरची वाटायची आणि ते चांगला डबा उगाच खोलून बसायचे. स्पीकरजवळ गेलं की मशीन शिटी मारायची. एक दिवस त्यांनी ती काढून धान्याच्या डब्यामागे ठेवून दिली.

"कानात मशीन घालणाऱ्या मिस्त्रीकडे डबा कोण देईल?" ते मला म्हणाले. "शेठ चांगला माणूस आहे. पण दुकान आहे ते, धर्मशाळा नाही."

त्यांचं खरंच होतं. ह्या वयात त्यांना दुसरीकडे कोणी उभं केलं नसतं. आणि ते टेबल सुटलं तर हा माणूस करणार काय, हे मला समजत नव्हतं. घरी सुट्टीच्या दिवशी त्यांना दुपार जात नसे. पंखा खोलायचे, परत जोडायचे.

मग आम्ही खूण ठरवली. मी खोलीच्या कोपऱ्यात फडकं घेऊन पेटी पुसत बसायचे. डबा चालू झाला आणि आवाज साफ असला की फडकं फिरत राहायचं. घूं आली, खरखर आली की मी हात थांबवायचा. हे तारांना कथलाचा डाग द्यायचे, व्हॉल्व्ह बदलायचे, मान न वळवता डोळ्याच्या कडेने माझ्या हाताकडे बघायचे. त्यांच्या बोटांना काम माहीत होतं, त्यामुळे निभत होतं. शेठ मूळचेच मोठ्याने बोलणारे, ते समोर येऊन बोलले की ह्यांना ओठांवरून उमजायचं. नाही उमजलं तर हे मान डोलवून "हो, हो" म्हणायचे. मिस्त्री कमी बोलतो, अशी त्यांची आधीपासूनच ख्याती होती.

शेठ मला चिडवायचे. "भाभी, तुम्ही दोघं घरी भांडता तरी का? का तिथंपण पोछाच मारता?"

मी खाली बघायचे. मला माणसांत बोलायला जमत नाही, शाळेतही जमलं नाही. ह्यांना माझ्या गप्प बसण्याचा उपयोग झाला, याचं मला बरं वाटायचं.

ज्या दिवशी तो डबा आला त्या दिवशी मी कामोठ्याला गेले होते. तिथले एक सोफेवाले उरलेलं रेक्झिन द्यायचे. परत आले तर टेबलावर मोठा, काळा पडलेला डबा. करंजाकडचे एक म्हातारे गृहस्थ ठेवून गेले होते. त्यांचा थोरला भाऊ बेंजो वाजवायचा, त्याचा तो डबा. भाऊ वारला होता आणि त्याच्या मुलीची हळद होती. त्या हळदीला भावाच्याच डब्यावर वाजवायचं, असं घरात ठरलं होतं. हे सगळं मला शेठनी सांगितलं. म्हातारे आत ह्यांच्याशी काय बोलून गेले ते शेठना माहीत नव्हतं, पुढे गिऱ्हाईक होतं.

मी ह्यांना विचारलं, "काय म्हणाले ते?"

"काय म्हणणार? नीट करून द्या म्हणाले."

हे जीव ओतून बसले. कंडेन्सर बदलले, व्हॉल्व्हच्या खाचा घासल्या. मग दुकानातला बेंजो जोडून डबा लावला तर मोठा स्वर आला की आवाज फाटायचा. बेंजोचा सूर ओरबाडल्यासारखा बाहेर पडायचा. मी हात थांबवला. त्यांनी आत पाहिलं. आवाजाला थरथरतो तो स्पीकरचा कागद जुना, चिरलेला, कोणीतरी नखाला लावायचा रंग लावून चिकटवलेला. त्यांनी तो स्पीकर काढला, नवा बसवला, आणि फडकं फिरू लागलं. जुना कागद त्यांनी नेहमीसारखा कापून टाकला, कारण लोखंडी भाग भंगारवाला वेगळा घेतो.

म्हातारे न्यायला आले ते पांढरा सदरा घालून, पुतण्याला बरोबर घेऊन. पुतण्याने बेंजो जोडला. शेठही मागे येऊन उभे राहिले. मी कोपऱ्यात होते. मुलगा वाजवू लागला, आवाज स्वच्छ, गोड आला. माझा हात फिरत होता आणि हे हसऱ्या चेहऱ्याने म्हाताऱ्यांकडे बघत होते.

म्हाताऱ्यांनी मुलाच्या हातावर हात ठेवला. तो थांबला.

"ह्यो आमचा आवाज नाय," ते म्हणाले.

"नाय कसा? साफ तर झालाय," शेठ म्हणाले.

"साफ कोनी मागला व्हता? भाऊचा बेंजो फाटका वाजायचा. चार गावांत लोक वळखायचे, मांडवात न येता. म्हनून मी मिस्त्रींना सांगलं, कागदाला हात नका लावू, बाकी कायपन करा." मग ते ह्यांच्याकडे वळले. "सांगलं का नाय मी? तुमी हो बोल्ले."

मान खाली घालून, डब्याकडे बघतच ते म्हणाले, "मेलेला मानूस दुसऱ्यांदा मारलात, मिस्त्री."

हे तेव्हाही हसत होते. त्यांनी मान डोलावली. "हो, हो. आता कसा मस्त झालाय."

पुतण्या बोलायला पुढे झाला. म्हाताऱ्यांनी त्याला थांबवलं. ते ह्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, मग शेठकडे, मग माझ्याकडे. माझं फडकं कधीच थांबलं होतं. ह्यांनी ते पाहिलं आणि झटकन वाकून डब्याला कान लावला. मुलगा वाजवतच नव्हता. बंद आवाजात ते कुठली खरखर शोधत होते, आणि आमच्याकडे दुसरी खूणच नव्हती.

"बाय, ऱ्हाऊं दे," म्हातारे मला म्हणाले. त्यांच्या आवाजात राग उरला नव्हता, तेच मला जास्त लागलं. त्यांनी जुना स्पीकर मागितला. मी लोखंडी कडं काढून दिलं, कागदाच्या कडा त्याला लागलेल्या होत्या. ते त्यांनी पिशवीत घातलं. दोघांनी मिळून डबा रिक्षात चढवला.

शेठनी मला दुकानाच्या पायरीवर बोलावलं.

"भाभी, कधीपासून?"

मी हातातल्या फडक्याची घडी घातली.

"मी रोज ओरडून बोलतो, मला कळणार तरी कसं," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले की घाम पुसला, मी पाहिलं नाही. "मी त्यांना हे तोंडावर नाही सांगू शकत. तुम्हीच सांगा. उद्यापासून दुसरा मिस्त्री बघतो मी. तुमचं काम आहे तसं राहील."

आम्ही सुकापूरला दोन खोल्यांत राहतो. भिंतीपलीकडे कोणी कांदा चिरला तरी कळतं. जेवायच्या आधी मी ह्यांच्या समोर बसले आणि सांगितलं. त्यांना ओठांवरून कळेना, की कळून घ्यायचं नव्हतं.

"काय?"

मी पुन्हा सांगितलं.

"शेठ काय म्हणाला? नीट बोल ना."

मग मी ओरडले. आयुष्यात मी एवढ्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. "उद्यापासून येऊ नका म्हणाले. दुसरा मिस्त्री ठेवतायत." शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

हे जेवणाच्या ताटाकडे बघत बसले.

"एवढं ओरडायची काय गरज होती," ते म्हणाले. "सगळ्या चाळीला ऐकवलंस."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आणि तू?"

शेठ काय म्हणाले ते पुन्हा ओरडून सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. ताट माझ्याकडे सरकवून ते उठले.

मी दुकानात जाते. घरी आमच्या दोघांचं त्यावरच चालतं. नवा मिस्त्री कानाने बघत नाही, त्याच्याकडे सुई हलणारं यंत्र आहे. पहिले काही दिवस मी आले की हे विचारायचे, आज काय आलं, काय बिघडलं होतं. सांगायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडायचं म्हणजे पलीकडच्यांना ऐकवायचं. मी थोडक्यात सांगू लागले. मग हातानेच 'काही नाही' करू लागले. आता मी आले की ते आतल्या खोलीत जाऊन पडतात.