पुट्टीखालचा पत्रा

"स्वल्प गंज आहे, अक्का," डेंटर अण्णा आमची जुनी जीप विकत घ्यायला आलेल्या बाईंना सांगत होते. खोटं बोलताना ते हात पुसत राहतात, हे बसवनगुडीच्या त्या गॅरेजात महिनाभर जाऊन मला कळलं होतं. एरवी ते पत्र्यावर टकटक करून डोळे मिटून ऐकतात आणि सडलेल्या जागेभोवती खडूने गोल काढतात. चॅसीवरचे, गाडीचा सगळा भार पेलणाऱ्या सांगाड्यावरचे, सात गोल माझ्या दादाने पुसायला लावले. वेल्डिंग नको, पुट्टी भरून रंग मारा, म्हणाला. अण्णा "सरी, ठीक आहे" म्हणाले आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

"मुलांना घेऊन कूर्गला जायचंय. घाटात चालेल ना?" बाईंनी विचारलं.

अण्णांचं हात पुसणं थांबलं. ते माझ्याकडे बघत राहिले.

"नाही चालणार," मी म्हणाले. "खाली नुसती पुट्टी आहे."