निळ्या गाडीवरची चांदी

देवाने माणसाला डोळे दिले ते फक्त रस्ता ओलांडण्यापुरते, बाकी सगळं जग हातानेच बघायचं असतं, अशी ठाम समजूत असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे चेन्नईच्या आवडी उपनगरातले घरमालक. बँकेने माझी बदली चेन्नईला केली आणि आम्ही नवरा-बायको त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला गेलो. ते मूळचे तंजावरकडचे मराठी. कितीतरी पिढ्या तमिळ मुलखात गेलेल्या, त्यामुळे त्यांची मराठी माझ्या शाळेतल्या बखरीच्या धड्यातून थेट उठून आल्यासारखी, मध्ये मध्ये तमिळची फोडणी दिलेली. पहिल्या दिवशी दारात उभं राहून ते म्हणाले, "आपलें येणें जाहलें, फार बरें जाहलें," तेव्हा आपण डोक्याला पागोटं न बांधता आलो याची मला लाज वाटली. आम्ही सांगलीचे, हे मी त्यांना निदान आठ वेळा सांगितलं. त्यांच्या लेखी महाराष्ट्र म्हणजे पुणं. ते मला शेवटपर्यंत 'पुणेकर' म्हणत राहिले आणि तिथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामा म्हणू लागलो.

मामांची सगळी नोकरी एका मोटारींच्या कारखान्यात गेली होती. रंगखात्यात ते तपासनीस. रंग देऊन वाळलेली गाडी त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कण त्यांच्या बोटांना लागे. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, पण हात सुटला नाही. पपई घेताना ते तिच्यावरून डोळे मिटून असा हात फिरवत की पपईवाला संकोचून दुसरीकडे बघे. माझ्या इस्त्रीच्या शर्टाच्या खांद्यावर बोट टेकवून "इथें एक घडी राहिली" असं मी बँकेत जाताना ते सांगत, आणि ती राहिलेली असे. एका लग्नात ते फुलांनी सजवलेल्या नवरदेवाच्या गाडीशी थबकले, दरवाजावरून हात फिरवला आणि शेजारी उभ्या असलेल्या वधूपित्याला गंभीरपणे म्हणाले, "हें दार पूर्वी ठोकरलेलं आहे. वरून नवा रंग दिला आहे." गाडी भाड्याची होती. पण वधूपित्याचा चेहरा असा पडला की मुलाकडच्यांना आणखी काय काय लपवायचं होतं, याची चौकशी मुहूर्तापर्यंत चालली. मामींनी त्यांना जेवणाच्या पंगतीत नेऊन बसवलं आणि दोन्ही हात पानात गुंतवले.

मामी कमी बोलत. शाळेत गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. मामांच्या रंगपुराणाला त्या चाळीस वर्षं "सरी, सरी" म्हणत आल्या होत्या. सरी म्हणजे बरं. त्या ऐकतात की नाही, हे कुणालाच कळत नसे.

आमची गाडी नवी होती, गडद निळी. रंग बायकोने निवडला होता. "गडद रंगावर सगळं दिसतं," असा इशारा सासऱ्यांनी मिरजेहून फोनवर दिला होता, आणि आता ते येत्या रविवारी गाडी प्रत्यक्ष बघायला येणार होते. त्याच आठवड्यात बुधवारी शेजारच्या इमारतीच्या लोखंडी फाटकाला फवाऱ्याने चंदेरी रंग मारायचं काम निघालं. दुपारी समुद्राकडचा वारा सुटला आणि निम्मा रंग फाटकावर न बसता आमच्या गाडीवर येऊन बसला. संध्याकाळी मी बघतो तर गाडीवर चांदीची भुकटी उधळलेली. पुसली, धुतली, हलेना. हात लावला तर मांजराच्या जिभेसारखी खरखर. फाटक रंगवणाऱ्याने हात जोडले आणि थिनरची बाटली पुढे केली. मी फडकं भिजवणार, एवढ्यात मामा लुंगी सावरत आले.

"काय करतां, पुणेकर?"

"थिनरनं निघेल म्हणतात."

"निघेल की. चांदी निघेल, मागून निळा निघेल, मग पत्रा दिसेल." त्यांनी बाटली काढून घेतली. "रंगावर बसलेला रंग उपटायचा नसतो, समजावून उठवायचा असतो. पोरुमै पाहिजे." पोरुमै म्हणजे धीर.

दुसऱ्या दिवसापासून गाडी सावलीत, कुंपणाच्या भिंतीलगत उभी राहिली आणि तिच्यावर उपचार सुरू झाले. मामांनी कपाटातून गाडीवर फिरवायच्या खास मातीची वडी काढली. तिचा लिंबाएवढा गोळा मळायचा, पत्र्यावर साबणाचं पाणी शिंपडायचं आणि गोळा हलकेच, सरळ रेषेत फिरवायचा. चांदीचे कण मातीला चिकटून येतात. माती चंदेरी झाली की घडी घालून स्वच्छ बाजू काढायची. गोळा एकदा माझ्या हातून जमिनीवर पडला, तर त्यांनी तो टाकूनच दिला. "त्यास खडा लागला असेल. आतां तो औषध नव्हे, कानस आहे." माझ्याकडे फक्त पाणी शिंपडण्याचं काम उरलं. दर थोड्या वेळाने मामा हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून फिरवत. त्यामुळे बारीकसारीक खरखरही कळते, असं त्यांनी मला समजावलं. मग डोळे मिटून निकाल देत.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी भिंतीकडच्या मागच्या दारावरून हात फिरवला आणि म्हणाले, "सरी. लोणी जाहलं." ते आत गेल्यावर मी कौतुकाने हात लावला. डावी बाजू खरोखर लोण्यासारखी होती. भिंतीकडचं ते दार मात्र तसंच, मांजराची जीभ. उजेडात त्यांना कण दिसत होते. भिंतीच्या अंधारात भरवसा फक्त बोटांवर होता. मला आधी माझ्याच हाताची शंका आली. मी बायकोला बोलावलं. तिच्याही बोटांना तीच खरखर लागली. त्यांना सांगायचं कुणी, हे काही ठरलं नाही आणि आम्ही न सांगताच जेवलो.

रविवारी सकाळी लवकर उठून आपणच ते दार करावं म्हणून मी खाली उतरलो. तिथे मामी होत्या. पदर खोचलेला, हातात मातीचा गोळा, दार जवळजवळ झालेलं.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "ते पूजेस बसले आहेत. साखरेच्या दुखण्यानं बोटं बधिर जाहलीं त्यांचीं. दोन वर्षं होतील. त्यांस वाटतं, मला ठाऊक नाही."

"तुम्हाला हे येतं?"

"चाळीस वर्षं ऐकतें आहें."

मी पाणी शिंपडलं. पूजेची घंटा वाजायच्या आत दार झालं.

थोड्या वेळाने मामा मेणाची डबी घेऊन आले. गाडी आम्ही उजेडात काढली होती. ते भिंतीकडच्या दारापाशी वाकले, खूप वेळ बघत राहिले, मग मला जवळ बोलावलं. निळ्या रंगावर मातीच्या अगदी अस्पष्ट रेघा होत्या.

"माझा हात पुढून मागे जातो," ते हळूच म्हणाले. "हा वरून खालीं आला आहे. ती फळा असाच पुसत असे." त्यांनी डबी उघडली. "तिला सांगूं नका. तिनं फार चांगलं केलं आहे."

आणि त्यांनी त्या रेघांवर इतक्या सावकाश मेण चढवलं की सासरे येईपर्यंत ते त्याच दाराशी होते. सासऱ्यांना गाडीवर काहीच दिसलं नाही. त्यांनी सीटच्या कव्हरला नावं ठेवली आणि जेवायला बसले.

दोघांचीही गुपितं माझ्याकडे सुखरूप राहिली. बदली होऊन आम्ही चेन्नई सोडली, त्यालाही आता बराच काळ लोटला. सणावाराला मी फोन करतो. गेल्या वेळी मामींनी उचलला. म्हणाल्या, मामांना आता जिना चढवत नाही, दिवसभर ओसरीवरच्या खुर्चीत बसतात, आणि शेजारपाजारचे लोक अजून गाड्या तपासायला आणून उभ्या करतात.

"मग कोण बघतं?" मी विचारलं.

"मीच हात लावतें. ते विचारतात, काय लागलं? मी सांगतें, इथें दोन कण आहेत, इथें एक ओघळ आहे. ते डोळे मिटून ऐकतात."