निसटलेला घोटा

मैदानावर पाणी मारल्याचा वास आला की साजगावचा तो कबड्डीचा सामना आठवतो. माझ्या माहेरचा संघ सासरच्या संघाशी भिडला होता आणि मी नवी सून, सासूबाईंशेजारी गप्प बसलेली. शेवटच्या चढाईला माझा भाऊ आला आणि ह्यांनी त्याचा घोटा धरला. "दादा, पळ!" मी किंचाळलेच. ह्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, तेवढ्यात भाऊ निसटून मधल्या रेघेला शिवला. सासर एका गुणानं हरलं. मी घाबरून सासूबाईंकडे पाहिलं, तर त्या म्हणाल्या, "भाऊ हाय गं तुझा, वरडणारच तू." हे म्हणाले, "घामानं हात सुटला." अजूनही हे तेच सांगतात. पण इतके सामने पाहिले, त्या हातांतून दुसरा कुणी सुटलेला मला आठवत नाही.