बाईंचा हात जिथे थांबायचा

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि तेही घरी बसून, दूरशिक्षणातून. सुमनबाईंवर लिहायचा हक्क खरं तर त्यांच्याकडे माझ्याबरोबर शिकलेल्या गंगाधरचा आहे. मी त्याला तसं म्हणालोही. तो म्हणाला, "तूच लिही, तुझं लिहिणं स्वच्छ असतंय." माझ्या बाबतीत बाईसुद्धा हाच शब्द वापरायच्या, स्वच्छ, आणि तो मला कधीच आवडला नाही... तर लिहिण्यात काही कमीजास्त झालं तर वाचकांनी पोटात घालावं.

बाई गेल्याचं मला गंगाधरच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून कळलं. कुरुंद्याला आमच्या शेतात हळद शिजवण्याचं काम चाललं होतं आणि मी कुकरपाशी उभा होतो. सहज फोन उघडला. बाई घराच्या ओट्यावर बसलेल्या, चष्मा कपाळावर चढवलेला, कशाला तरी खळखळून हसलेल्या, आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खरं सांगतो, दुःख नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की बाईंचा असा हसरा फोटो याच्याकडे कसा? माझ्याकडे त्यांचा एकही नाही. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, पण ते पहिलं वाटणं जात नाही. ते लपवून लिहिलं तर हा लेख खोटा होईल.

बाईंची ओळख झाली ती माझ्या अडाणीपणामुळे. बारावीनंतर मी बांधकाम आरेखनाच्या डिप्लोमाला दूरशिक्षणातून नाव घातलं. पुस्तकं पोस्टाने आली, धडे फोनवर व्हिडिओतून. बाकीचे विषय रट्टा मारून जमत होते, पण ड्रॉइंग पाठ करता येत नाही. शंकू तिरपा कापला तर आतून कसा दिसेल, हे व्हिडिओतला माणूस एका दमात सांगून जायचा आणि मी तो दहा वेळा मागे घ्यायचो. घरी बोर्ड नव्हता. जुन्या कपाटाचं दार काढून दोन पाटांवर आडवं ठेवलं होतं. हळदीच्या दिवसांत बोटं पिवळी असायची, म्हणून हात तीनदा धुऊन, तळव्याखाली रुमाल घेऊन मी रेघ मारायचो. पहिल्या चार शीट अभ्यासकेंद्रावर दिल्या, चारही 'पुन्हा काढा' असा शिक्का बसून परत आल्या. वसमतला ज्या दुकानातून मी शीट घ्यायचो, त्या दुकानदारालाच अखेर दया आली. म्हणाला, औंढ्याला देवळाच्या मागच्या गल्लीत एक रिटायर ट्रेसर बाई राहतात, त्यांच्याकडे जाऊन बघ.

ट्रेसर म्हणजे काय हे मलाही ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटर येण्याआधी इंजिनिअर पेन्सिलीने नकाशा काढायचा, आणि तो पारदर्शक कागदाखाली ठेवून शाईने जसाच्या तसा उतरवायचं काम ट्रेसर करायचा. बाईंनी एका सरकारी कचेरीत सगळी नोकरी हेच केलं. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एका नकाशातलं चुकीचं दार स्वतःच्या मनाने सरळ केलं होतं, तर साहेबाने सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. तेव्हापासून त्यांचा नियम ठरला, आणि तो त्यांनी आम्हालाही ऐकवला होता. "चूक साहेबाची, रेघ माझी."

पहिल्या दिवशी मी जीपमधून जपून आणलेली शीट प्लास्टिकच्या पाइपातून काढून त्यांच्यापुढे पसरली. त्यांनी वर ट्रेसिंग पेपर लावला, शाईचा पेन घेतला आणि माझी सगळी आकृती वरच्या कागदावर उतरवून काढली. एक शब्द बोलल्या नाहीत. मी विचारलं, बरोबर आहे का? म्हणाल्या, "तू काढलंस तसं उतरवलं. स्वच्छ हाय." मी आनंदाने माझी शीट केंद्रावर दिली आणि पाचव्यांदा शिक्का घेऊन आलो. पुढच्या रविवारी रडवेला होऊन त्यांच्या ओट्यावर बसलो, तर तिथे आधीच एक पोरगा बसून भाकरी खात होता. घोंगडीत गुंडाळलेली शीट बाजूला. तो गंगाधर. औंढ्याच्या पलीकडच्या माळावरचा, घरी शेळ्यामेंढ्या, माझ्याच डिप्लोमाला. माझं रडगाणं ऐकून तो म्हणाला, "बाईंचा हात बघत जा, तोंड न्हाई. हात अडखळला की समज, तिथं घाण हाय."

आणि खरंच तसं होतं. बाईंचा हात पाण्यासारखा चालायचा, आणि आकृती चुकलेली असेल तिथे क्षणभर थांबायचा. पेन कागदावरून जरा उचलायचा... मग पुन्हा टेकायचा आणि चूक जशीच्या तशी उतरवून पुढे जायचा. तोंडाने त्या कधीच काही सांगत नसत. जिथे थांबला ती जागा लक्षात ठेवायची, घरी जाऊन आपली चूक आपण शोधायची, हीच त्यांची शिकवणी. शंकूचा छेद मला असाच एका रविवारी समजला, आणि समजल्यावर मी इतका हरखलो की आईला मुळा तिरपा कापून दाखवला. पण ही किल्लीसुद्धा मला गंगाधरकडून मिळाली होती. तेव्हापासून जे सुरू झालं ते शेवटपर्यंत गेलं नाही.

मी मोजायला लागलो. माझ्या शीटवर बाईंचा हात सात वेळा थांबायचा, त्याच्या शीटवर दोनदा. त्याच्या कागदावर लोकरीचे तंतू, भाकरी-चटणीच्या तेलाचे डाग, एकदा तर मेंढीच्या खुराचा ठसा होता, आणि बाई डागांवरून हसत पेन चालवायच्या. माझ्या शीटवर कधी ठिपका नसायचा. मला 'स्वच्छ' आणि त्याला 'रेघेत जीव हाय लेकराच्या'. तो जवळचा, आठवड्यात कधीही यायचा. मी लांबचा, रविवारचा. तो बाईंचं पाणी भरून द्यायचा, गोळ्या आणून द्यायचा, आणि बोलायचा तर असं की बाईंना ठसका लागायचा. राहत्या घराचं एलेव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारी बाजू, काढून आणा असं पुस्तकात आलं, तेव्हा तो म्हणाला, "बाई, आमच्या घरचे आठ महिने मेंढ्यांमागं. भिंतच न्हाई, तर समोरून काय दिसणार?" बाई म्हणाल्या, "मेंढ्या ओळीनं उभ्या कर अन् त्यांचंच काढ. पण उंची बराबर दाखव." दोघं हसत राहिले. मी त्या दिवशी सिमेंटच्या दोन खोल्यांचं एलेव्हेशन अगदी मोजून काढून आणलं होतं. ते पाइपातून बाहेर काढायलाही मला लाज वाटली. बाईंच्या ते लक्षात आलं असावं. "काहून रे माधवा, तोंड पाडलंस?" मी म्हणालो, जीप लागली.

दुसऱ्या वर्षी मात्र माझी प्रगती व्हायला लागली. सातचे पाच झाले, पाचचे दोन. बाईंचा हात माझ्या शीटवरूनही पाण्यासारखा जायला लागला. मी घरी येऊन वहीच्या मागच्या पानावर आकडा लिहून ठेवायचो. याच काळात गंगाधरला एक वाईट खोड लागली. मी आलो की बाईंच्या आधी तो माझी शीट पाइपातून काढायचा, उताणी-पालथी करून बघायचा आणि म्हणायचा, ही रेघ तुटक पाहिजे रे, हे माप बघ. मला राग यायचा. वाटायचं, बाईंच्या जागी हा स्वतःला समजायला लागला, नाहीतर माझ्याकडून उतरवून घेतोय. त्याच्यासमोर मी ती रेघ मुद्दाम दुरुस्त करत नसे. तो चहा करायला आत गेला की घाईघाईने करायचो.

शेवटची शीट मोठी होती, दुमजली घर. प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन, जिना, सगळं. ती घेऊन गेलो त्या रविवारी गंगाधर नव्हता. मेंढ्या कनेरगाव नाक्याकडे गेल्या होत्या आणि या खेपेला तोही त्यांच्याबरोबर. मला बरंच वाटलं. बाई आणि मी दोघंच. मी शीट बोर्डाला लावली, बाईंनी ट्रेसिंग पेपर ताणला, आणि त्यांचा हात निघाला तो पायापासून गच्चीपर्यंत एकदाही थांबला नाही. एकदाही नाही. शेवटी त्यांनी पेन टोपणात घातला आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "झालं रे?" मला वाटलं त्या माझं कौतुक करताहेत. परतीच्या जीपमध्ये मला जागा नव्हती, मागे लोंबकळत आलो, आणि इतका सुखी मी आयुष्यात झालो नाही. मनात एकच घोकत होतो, गंगाधरच्यासुद्धा कुठल्या मोठ्या शीटवर शून्य नव्हतं.

ती शीट नापास झाली. सेक्शनमध्ये, म्हणजे घराच्या उभ्या छेदात, जिन्यावर तांबडा गोल होता. वरचा स्लॅब मी जिन्याच्या अंगावर आणला होता. त्या घरात कोणी जिना चढला असता तर चौथ्या पायरीवरच त्याचं डोकं आपटलं असतं. चूक इतकी ढोबळ, की ती दिसल्यावर माझाच मला विश्वास बसेना. शेवटच्या शीटला 'पुन्हा काढा' नसतं, नियमाप्रमाणे सगळं सत्र पुन्हा. गंगाधर पास झाला. मी फोनवर विचारलं, तुझा जिना कसा बरोबर आला? म्हणाला, त्याचंही आधी तसंच चुकलं होतं. त्याच्या घराला जिना नाही, म्हणून ग्रामपंचायतीच्या जिन्यावर उभा राहून डोक्यावर किती जागा लागते ते काठीने मोजून आला, तेव्हा कळलं. मी त्यावर विश्वास ठेवला नाही. माझ्या मनाने केव्हाच ठरवलं होतं की बाईंनी त्याला खूण केली आणि मला नाही. सगळ्या नोकरीत साहेबांच्या चुकांवर ज्यांचा हात थांबला, तो माझ्या एवढ्या मोठ्या जिन्यावर कसा थांबला नाही? मुद्दाम, दुसरं काय. त्यांना त्याला पुढे काढायचं होतं.

मी जायचं बंद केलं. बाईंचे फोन आले, तीनदा. स्क्रीनवर नाव दिसायचं आणि मी वाजू द्यायचो. मग गंगाधर मोटारसायकल मागून घेऊन शेतात आला. म्हणाला, बाई आजारी आहेत, तुला बोलावलंय, शीट घेऊन ये म्हणाल्या. मी हळद पसरत होतो, वर न बघता म्हणालो, "बाईंना सांग, मला आता त्यांची गरज न्हाई." तो गाडी वळवून गेला. पुढच्या महिन्यात ते स्टेटस आलं.

तेराव्याला मी औंढ्याला गेलो. घर पाहुण्यांनी भरलेलं. बाईंची धाकटी बहीण मला ओळखत नव्हती, पण गंगाधरला हाक मारून पत्रावळी मोजायला सांगत होती. मला तेही लागलं. जेवणं झाल्यावर आम्ही दोघं ओट्यावर बसलो. मी विचारलं, माझा निरोप दिला होतास का? म्हणाला, "न्हाई. हळदीचं काम चाललंय, उरकलं की येतो म्हणलाय, असं सांगितलं." चांगुलपणातही हा पुढे... आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं एकदम तोंडातून आलं. त्याला विचारलं, बाईंनी माझा जिना काहून सोडला?

तो हळूहळू सांगायला लागला. बाईंचे डोळे गेले होते. साखरेने. वर्ष होऊन गेलं होतं. जाड काळी रेघ तेवढी अंधुक दिसायची, तिच्यावरून सवयीने हात चालवायच्या. काय काढलंय ते त्यांना दिसतच नव्हतं. त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, यालाच कळलं. "मेंढीची नजर गेली ना, की सपाट जमिनीवरबी ती पाय उचलून उचलून टाकती. बाई घरात तशा चालून राहिल्या होत्या." त्याने विचारलं तेव्हा त्या आधी रागावल्या, मग कबूल झाल्या. तेव्हापासून तो स्वतःची शीट स्वतः तपासायला लागला, आणि रविवारी मी आलो की आधी माझी. त्या एका रविवारी तो मेंढ्यांमागे होता.

माझ्या वहीच्या मागच्या पानावरचे आकडे, सात, पाच, दोन, शून्य, डोळ्यांसमोरून गेले. मला ओरडावंसं वाटलं. मी म्हणालो, मग मला काहून सांगितलं नाहीस? माझं एक सत्र गेलं, गंगाधर.

तो ओट्याच्या कडेवरची माती नखाने खरवडत होता. म्हणाला, सांगणारच होतो. बाईंनी शपथ घातली. म्हणाल्या, "माधवला कळू देऊ नको. तू कसाबी येशील. मला दिसत न्हाई म्हणल्यावर तो काहून येईल?"