बाईंचं समुद्री शेवाळ

आमच्या बाई शेवाळाशी वऱ्हाडीत बोलत. मेहकरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना त्यांची भाषा अगदी पुस्तकी. पण प्रयोगशाळेतल्या बरणीपाशी गेल्या की, "काऊन बे, आज काऊन मलूल पडला?"

बाई डोणगावच्या. उमेदीची वर्षं त्यांनी कोकणकिनाऱ्यावर, समुद्री शेवाळाची शेती करणाऱ्या एका केंद्रात काढली. वडील गेले, आई अंथरुणाला खिळली, तशा परतल्या. येताना बरणीतून पोपटी, झिरझिरीत पानांचं शेवाळ घेऊन आल्या. आमच्या कापसाच्या मुलखात मिठाचं पाणी कालवून, वीज गेली की बरणीला ओलं गोणपाट गुंडाळून त्यांनी ते जगवलं.

त्या पानांवरच्या जिवाणूंना कुणी 'घाण' म्हटलेलं त्यांना खपत नसे. एकदा त्यांनी शेवाळाचं बी औषधाने पार निर्जंतुक करून वेगळं वाढवलं. पान धरलंच नाही, नुसता पेशींचा गोळा झाला. मग जुन्या बरणीतलं थोडं जिवाणू असलेलं पाणी त्यात सोडलं, तेव्हा कुठे पानं फुटू लागली.

"पाह्यलं? त्यायच्याबिगर ह्याले आकारच येत नाही," बाई म्हणाल्या.

त्या वर्षी बीटी कपाशीवरही बोंडअळी पडली. बाईंचा धाकटा भाऊ फवारणी करता करता शेतातच कोसळला. नेमकं त्याच आठवड्यात कोकणातल्या केंद्राने त्यांना परत बोलावलं होतं. आम्हाला ते सांगताना बाई लहान मुलीसारख्या हसल्या होत्या. आता त्या बुलढाण्याच्या दवाखान्यात भावाच्या उशाशी बसून राहिल्या. आम्ही मुलींनी बरणी सांभाळली, पण ऑक्टोबरच्या उन्हात शेवाळ पांढरं पडलं आणि विरघळून गेलं.

भाऊ वाचला, फवारणीच्या विषाने नजर मात्र अधू झाली. शेत बघणारं दुसरं कुणी नव्हतं. बाईंनी कोकणात नकार कळवला, कॉलेजात आल्या आणि बरणी धुतली. मला रडू आवरेना.

"उगी," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी भावाच्या शेतातून कपाशीच्या मुळांजवळची माती घेऊन आल्या आणि सूक्ष्मदर्शक पुढे ओढला. "आता अठी कोन कोन राह्यते, ते पाह्यू."

पुढे मला त्याच किनाऱ्यावर नोकरी लागली. पहिल्या दिवशी दोरांवर झुलणारं शेवाळ पाहिलं आणि बाईंना फोन लावला. मी वर्णन करू लागले, तर म्हणाल्या, "तू बोलू नको. फोन पान्याजोळ धर."

मी गुडघाभर पाण्यात वाकून उभी राहिले. हात अवघडून गेला, तरी बाईंनी फोन ठेवला नाही.